इंटरनेटवरच्या नव्या नियमाचा ड्राफ्ट आलाय? बोंब मारायच्या आधी हे करा

दर काही महिन्यांनी हे होतंच. कुठल्यातरी मंत्रालयाचा ड्राफ्ट येतो, दोन दिवस सगळीकडे मीम्स, "आता आपलं काही खरं नाही" छाप पोस्टी, तिसऱ्या दिवशी सगळे परत क्रिकेटवर. मग काही महिन्यांनी तोच नियम राजपत्रात छापून येतो आणि परत आरडाओरडा सुरू. मधल्या काळात हरकती-सूचना पाठवायची मुदत होती, ती कधी आली आणि कधी गेली हे निम्म्या लोकांना माहितीच नसतं. हा लेख त्या मधल्या काळाबद्दल आहे, कारण नियम हलवायची खरी संधी तेव्हाच असते, एकदा नोटिफिकेशन निघालं की मग कोर्टाशिवाय फारसं काही हातात राहत नाही.

"सरकार कुठे ऐकतं हो" असं म्हणणाऱ्यांसाठी आधी थोडं. मार्च 2015 मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, 118 पानांचा पेपर काढला होता, व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवांवर वेगळे नियम लावायचे का, वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे दर चालतील का, असे एकूण 20 प्रश्न होते. त्यावर 10 लाखांच्या वर ईमेल गेले आणि 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने वेगवेगळ्या दरांवर बंदीच घातली. सप्टेंबर 2015 मध्ये एन्क्रिप्शन (मेसेज दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये असा बंद करणं) पॉलिसीचा ड्राफ्ट आला होता, त्यात लोकांनी आपले मेसेज साध्या मजकुरात 90 दिवस जपून ठेवायचे असं लिहिलेलं, तो तर काही दिवसांतच मागे घेतला. म्हणजे ऐकतात. नेहमी नाही, पण नीट सांगितलं तर ऐकायची शक्यता बरीच वाढते.

आधी कागद ओळखा

बातमीत "नवा कायदा" लिहिलंय म्हणून तो कायदाच असेल असं नाही. संसदेत जाणार असलेलं विधेयक वेगळं, आधीच्या कायद्याखाली मंत्रालयाने बनवलेले नियम वेगळे, ट्रायसारख्या प्राधिकरणाचा सल्लामसलतीचा पेपर वेगळा, आणि एखाद्या संस्थेने थेट काढलेले निर्देश अजून वेगळे. दाद कुठे मागायची ते यावर ठरतं.

इंटरनेटच्या बाबतीत त्रास देणारी बहुतेक प्रकरणं विधेयकं नसतात, नियम असतात. आयटी कायदा 2000 चा, पण रोज आपल्या मानगुटीवर बसतात ते त्याच्याखालचे 2021 चे नियम आणि त्यातल्या दुरुस्त्या. नियमांना संसदेत आधी चर्चा लागत नाही, मंत्रालय काढतं आणि लागू होतात, म्हणून तिथे जास्त डोळे उघडे ठेवायला लागतात. आणि निर्देश तर त्याहून वाईट. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इनने (सायबर सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) निर्देश काढले, व्हीपीएनवाल्यांनी (इंटरनेटवर ओळख झाकायची सेवा देणाऱ्यांनी) ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायची, सायबर घटना 6 तासांत कळवायची, आणि आधी जाहीर ड्राफ्ट वगैरे काही नाही. काही व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून टाकले. लहान कंपन्यांना 25 सप्टेंबर 2022 पर्यंत मुदतवाढ मिळाली ती नंतर ओरड झाल्यावर.

आता कामाची माहिती. 2014 पासून केंद्र सरकारचं स्वतःचंच एक धोरण आहे, कायदा करण्यापूर्वीच्या सल्लामसलतीचं. त्यात म्हटलंय की विधेयक असो की नियम, ड्राफ्ट कमीत कमी 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत तो का आणलाय, खर्च किती, लोकांच्या हक्कांवर आणि रोजीरोटीवर काय परिणाम होईल हे लिहायचं, आणि आलेल्या सूचनांचा सारांश वेबसाइटवर टाकायचा. या धोरणाला कायद्याचं बळ नाही, त्यामुळे ते सर्रास धाब्यावर बसवलं जातं, पण तुमच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात याचा उल्लेख करा. 10 दिवसांची मुदत दिली असेल तर "2014 च्या धोरणाप्रमाणे 30 दिवस द्या" ही मागणी आधी एकटी पाठवून द्या, सविस्तर हरकत नंतर. मुदत वाढवून देणं मंत्रालयाला फारसं जड जात नाही. डेटा संरक्षण नियमांचा ड्राफ्ट 3 जानेवारी 2025 ला आला, मुदत 18 फेब्रुवारी होती, ती 5 मार्चपर्यंत वाढवली.

ड्राफ्ट डाउनलोड करा, लिंकवर विसंबू नका

ही स्टेप लोक हसण्यावारी नेतात. पण जानेवारी 2023 मध्ये काय झालं बघा. 2 तारखेला ऑनलाइन गेमिंगबद्दलच्या दुरुस्त्यांचा ड्राफ्ट आला. गेमिंगशी ज्यांचा संबंध नाही त्यांनी बघितलाही नाही. 17 तारखेला त्याच ड्राफ्टमध्ये एक नवं वाक्य आलं, सरकारी फॅक्ट चेकने खोटं ठरवलेला मजकूर प्लॅटफॉर्मने ठेवायचा नाही या अर्थाचं. गेमिंगच्या ड्राफ्टमध्ये बातम्यांची सेन्सॉरशिप. तर, पीडीएफ आली त्या दिवशीच सेव्ह करा, फाइलच्या नावात तारीख टाका, आणि मुदत संपेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी परत जाऊन नवी आवृत्ती आली का बघा. आली तर दोन्ही शेजारी शेजारी उघडून बसा.

वाचायचं कसं

पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत तर झोप येईल. थेट व्याख्यांवर जा. कोणाला नियम लागू होतो हे तिथे लिहिलेलं असतं, आणि सगळी गोम तिथेच असते. ब्रॉडकास्टिंग विधेयकाच्या 2024 च्या मसुद्यात नेमकं हेच झालं, चालू घडामोडींवर व्हिडिओ करणारा एकटा माणूससुद्धा ब्रॉडकास्टरच्या चौकटीत बसेल अशी भाषा होती. तो मसुदा तर लोकांसमोर मांडलाही नव्हता, मोजक्या लोकांना वॉटरमार्क टाकून दिला होता, बाहेर फुटला, गदारोळ झाला आणि ऑगस्ट 2024 मध्ये मागे घेतला. तेव्हा स्वतःला विचारा, या व्याख्येत मी येतो का? माझ्या सोसायटीचा ग्रुप येतो का? महिन्याला पाच ऑर्डर घेणारी बाई येते का? व्याख्या मोठ्या कंपन्यांसाठी म्हणून लिहिलेली असते आणि त्यात सगळे सापडतात, मोठ्यांकडे वकिलांची फौज असते आणि छोटा भरडला जातो.

व्याख्यांनंतर बघायच्या जागा म्हणजे शिक्षा, मुदती, आणि "केंद्र सरकार वेळोवेळी ठरवेल तसे" या टाइपची वाक्यं. ही वाक्यं खोडून काढायलाच हवीत, कारण त्यात आज काहीच लिहिलेलं नाही आणि उद्या काहीही लिहिता येतं. शिवाय ढगळ शब्दांवर गोल करा. आयटी कायद्याचं कलम 66अ आठवतंय ना, "त्रासदायक", "गैरसोयीचं", "अत्यंत आक्षेपार्ह" असले शब्द होते त्यात. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, एकीने लिहिलेलं आणि दुसरीने नुसतं लाइक केलेलं. 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं आणि एक मोठं कारण हेच, की या शब्दांचा अर्थ कुणी काहीही लावू शकतो. तेव्हा ड्राफ्टमध्ये "दिशाभूल करणारा", "सार्वजनिक हिताविरुद्ध" असं काही व्याख्येविना आलं तर तिथे नक्की बोट ठेवा.

नुकसान रुपयांत मांडा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळ्यात कमी लोक ती करतात. "हा नियम अन्यायकारक आहे" असं लिहिलेलं वाचून अधिकारी पुढचं पान उलटतो. "हा नियम पाळायला मला वर्षाला इतके पैसे आणि इतके तास लागतील" यावर त्याला थांबायला लागतं, कारण असा आकडा त्याच्या फाइलमध्ये बऱ्याचदा नसतोच.

जीएसटीचं उदाहरण घ्या. काही वर्षं असं होतं की दुकानात बसून माल विकणाऱ्याला 40 लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीची गरज नाही, पण तोच माल ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर टाकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. समजा एखादी बाई घरी पिशव्या शिवून राज्यातल्या राज्यात वर्षाला 3 लाखांच्या ऑनलाइन विकते. नफा 15 टक्के धरला तर 45,000. रिटर्न भरायला कुणी माणूस महिन्याला 1,000 घेतो, म्हणजे वर्षाला 12,000. नफ्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा नुसता कागद भरण्यात, आणि कर अजून धरलेलाच नाही! असा हिशोब चार ओळींत मांडला की त्यावर वाद घालायला समोरच्याकडे काही उरत नाही. जून 2022 मध्ये जीएसटी कौन्सिलने ही सक्ती काढायचं तत्त्वतः मान्य केलं आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांची त्यातून सुटका झाली. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर अजूनही नोंदणी लागतेच, म्हणजे लढाई अर्धीच जिंकलीय, तो विषय वेगळा.

तुमचा हिशोब करताना चार गोष्टी धरा: एकदाच होणारा खर्च (सॉफ्टवेअर, नोंदणी), दर महिन्याचा खर्च, तुमचा स्वतःचा वेळ, आणि नियमामुळे जे काम सोडायला लागेल त्याचं नुकसान. फुगवू नका. एक आकडा खोटा निघाला की बाकीचं पत्र कचऱ्यात. आणि शक्य असेल तर तुमच्यासारखे दहा-पंधरा जण गोळा करून सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात टाका, नावं न देता.

आता लिहायला बसा

एका कलमाला एक परिच्छेद. त्यात कलम क्रमांक, त्यातली अडचणीची ओळ जशीच्या तशी, तुमच्यावर होणारा परिणाम, आणि बदललेली ओळ कशी असावी ते. शेवटचा भाग सोडू नका. नुसतं "रद्द करा" म्हणणाऱ्याचं ऐकायला कठीण जातं, पण "इथे हा शब्द काढा, इथे ही मर्यादा टाका" म्हटलं की अधिकाऱ्याचंच काम सोपं होतं, तो तुमचं वाक्य उचलूही शकतो.

समजा एखाद्या ड्राफ्टच्या नियम 7 मध्ये आलं की ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येकाने 24 तास हजर असणारा तक्रार अधिकारी नेमावा. त्यावर असं लिहिता येईल:

"नियम 7 मधील 'प्रत्येक विक्रेता' या शब्दांमुळे एकट्याने व्यवसाय करणाऱ्यालाही 24 तासांसाठी माणूस ठेवावा लागेल. तीन पाळ्यांचा पगार माझ्या वार्षिक नफ्यापेक्षा जास्त होतो (हिशोब सोबत जोडला आहे). 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करण्याची तरतूद आधीच आहे. तीच मुदत इथे ठेवावी आणि 40 लाखांखालील उलाढालीच्या विक्रेत्यांना स्वतंत्र अधिकारी नेमण्यातून वगळावे."

बास, एवढंच. रागाचा एक शब्द नाही, सरकारला शिव्या नाहीत, आणि तरी नियमाचा पाया हलतो.

कायद्याचा आधार द्यायचा असेल तर वकील असायची गरज नाही, तीन गोष्टी पुरतात. एक, बोलण्यावरची बंधनं राज्यघटनेच्या कलम 19(2) मध्ये दिलेल्या कारणांसाठीच घालता येतात, त्या यादीबाहेरचं कारण चालत नाही. दोन, धंदा करायचा हक्क 19(1)(g) मध्ये आहे आणि इंटरनेटवरून केलेला धंदाही त्यात येतो, हे सुप्रीम कोर्टाने 10 जानेवारी 2020 च्या काश्मीर इंटरनेट बंदीच्या निकालात स्पष्ट म्हटलंय. तीन, प्रमाणबद्धता, म्हणजे चार प्रश्न: हेतू योग्य आहे का, उपायाने तो हेतू साध्य होतो का, याहून कमी जाचाचा मार्ग होता का, आणि फायद्याच्या मानाने नुकसान जास्त तर होत नाही ना. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार बंद करायला सांगितलं होतं, ते परिपत्रक 4 मार्च 2020 ला याच कसोटीवर पडलं. कोर्टाने विचारलं, तुमच्या देखरेखीखालच्या बँकांचं यामुळे नेमकं काय नुकसान झालं ते दाखवा, आणि दाखवता आलं नाही. (क्रिप्टो तुम्हाला आवडो न आवडो, तो प्रश्न तुमच्या पत्रात तसाच्या तसा वापरा.)

आणि हो, मराठीत लिहा बिनधास्त. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. व्यवहारात मी सांगेन की मराठी पत्राला अर्ध्या पानाचा इंग्रजी सारांश जोडा, कारण दिल्लीत ते टेबलावर घेणाऱ्याला मराठी येईलच असं नाही. गंमत म्हणजे डेटा संरक्षण कायदा कंपन्यांना सांगतो की संमतीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत वाचायची सोय द्या, पण सरकारी ड्राफ्ट मराठीत क्वचितच सापडतो. हेही पत्रात लिहून टाका.

पाठवताना

कॉपी-पेस्टच्या मोहिमांबद्दल माझं मत जरा कडू आहे. 2015 मध्ये संख्येने दबाव आला हे खरं, पण त्या मोहिमेतल्या ईमेलमध्ये ट्रायच्या 20 प्रश्नांची उत्तरं होती. त्याच वर्षाच्या शेवटी फेसबुकने फ्री बेसिक्सच्या (मोजक्याच साइट फुकट दाखवणारी त्यांची सेवा) बाजूने लोकांकडून ढिगाने मेसेज पाठवून घेतले, तेव्हा ट्रायने सरळ सांगितलं की यात आमच्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. म्हणजे टेम्पलेट वापरा, पण वर तुमचा स्वतःचा एक परिच्छेद टाका, तुमच्या धंद्याचा, तुमच्या आकड्यांचा.

धंद्याचा वेगळा ईमेल आयडी वापरा. एप्रिल 2015 मध्ये ट्रायने आलेले सगळे ईमेल वेबसाइटवर टाकले आणि सोबत पाठवणाऱ्यांचे आयडीही उघडे पडले, 10 लाख लोकांचे. फोन नंबर, घरचा पत्ता, पॅन असलं काही विनाकारण लिहू नका. पीडीएफ जोडा, मजकूर ईमेलमध्येही पेस्ट करा, मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचं असेल तर सबमिट केल्यावरचा स्क्रीनशॉट ठेवा. हे सगळं पुढे लागतं. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, पोर्टल त्याच दिवशी झोपतं.

ट्राय बाकीच्यांची मतं जाहीर करतं आणि त्यावर प्रतिमतं मागवतं, तिथे टेलिकॉम कंपन्यांनी काय लिहिलंय ते वाचून खोडून काढायची संधी मिळते, ती सोडू नका. मंत्रालयांत ही पद्धत नाही, डेटा संरक्षण नियमांच्या वेळी तर सूचना गोपनीय ठेवू असंच आधी जाहीर केलं होतं. म्हणून तुमचं पत्र तुम्हीच कुठेतरी जाहीर टाका. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या संस्था ड्राफ्टचं कलमवार विश्लेषण काढतात, ते आधी वाचलंत तर निम्मा अभ्यास तयार मिळतो.

मुदत संपल्यावर

आता आरटीआय. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर 10 रुपये भरून अर्ज होतो, 500 शब्दांत बसवा (महाराष्ट्र सरकारच्या खात्याकडे असेल तर 150 शब्द आणि एकच विषय). "का केलं" असं विचारू नका, कागद मागा: किती सूचना आल्या, त्यांचा सारांश कुठे आहे, नियमाच्या परिणामाचा अभ्यास केला असेल तर त्याची प्रत, फाइलवरचे शेरे. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. "विश्वासाच्या नात्याने मिळालेली माहिती" म्हणून नाकारलं तर आरटीआय कायद्याच्या कलम 10 खाली नावं काळी करून बाकीचं द्या म्हणून सांगा, आणि 30 दिवसांच्या आत पहिलं अपील. केंद्राकडे हे अपील फुकट आहे, लोक उगाच कंटाळा करतात.

खासदार ही दुसरी वाट. आयटी कायद्याच्या कलम 87(3) प्रमाणे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे 30 दिवस ठेवायला लागतात, आणि दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर ते बदलता किंवा रद्द करता येतात. मे 2012 मध्ये राज्यसभेत खासदार पी. राजीव यांनी आयटी कायद्याखालच्याच 2011 च्या नियमांविरुद्ध असा प्रस्ताव आणला होता. प्रस्ताव पडला, पण चर्चेत तेव्हाचे आयटी मंत्री कपिल सिब्बल यांना सगळ्यांशी बोलणी करायचं आश्वासन द्यावं लागलं. तुमच्या खासदाराला दहा पानं देऊ नका. एक पान, मतदारसंघातल्या किती लोकांवर परिणाम, आणि विचारायचा एक तयार प्रश्न. त्यांच्या पीएला भेटून द्या, ईमेल कुणी बघत नाही.

आणि कोर्ट. राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात जाता येतं, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही आहे. फॅक्ट चेकचा तो नियम मुंबई हायकोर्टातच पडला. कॉमेडियन कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी याचिका केल्या, जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं, मग तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये नियम रद्द झाला. एप्रिल 2023 ते सप्टेंबर 2024, एवढा वेळ लागतो, तेव्हा एकट्याने जायच्या भानगडीत पडू नका, संघटना करून जा. वकील पहिल्या भेटीत विचारेल की ड्राफ्टच्या वेळी तुम्ही हरकत घेतली होती का, तेव्हा तो सेव्ह केलेला स्क्रीनशॉट आणि तारखा टाकलेल्या पीडीएफ काढून द्या.